कुणाचं ऱ्हायलं का?

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना भाकरीच्या आधी व्हायची. बाबा कामावरून आले की मोरीत बसून आधी हात धुवायचे. साबण पिवळा व्हायचा, पाणी पिवळं व्हायचं, पुसायचा पंचा तर कायमचाच पिवळा होता. हात मात्र होते तसे राहायचे. हळदीच्या पेवांवर उमर घालवलेल्या माणसाचे हात साबणानं उजळत नाहीत. त्याच हातांनी ते कंदिलाची काच पुसत, वात वर करत, आणि मग आम्ही तिघं चटईवर बसत असू.

मी पवित्र शास्त्रातला उतारा वाचायची. आई एखादं गीत धरायची, बाबा त्यात मागून आवाज मिसळायचे, नेहमी थोडे उशिरा. त्यानंतर दिवस ठेवायचा.

‘दिवस ठेवणं’ हे आमच्याच घरचं बोलणं. आमच्या ख्रिस्ती देवळातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी मी ते ऐकलं नाही. प्रत्येकानं दिवसभरातलं जे मनाला चिकटून आलं असेल ते एका वाक्यात सांगायचं आणि शेवटी ‘ठेवलं’ म्हणायचं. आई म्हणायची, “नळावर माझा आवाज चढला. ठेवलं.” मी म्हणायची, “बाईंनी सगळ्यांदेखत फीचं विचारलं. ठेवलं.” बाबा म्हणायचे, “पेढीचा दिवाणजी आज आईवरनं बोलला. ठेवलं.” सगळ्यांचं झालं की बाबा आमच्याकडं एकदा नजर फिरवून विचारायचे, “कुणाचं ऱ्हायलं का?” कुणी बोललं नाही की आमेन. एकदा ठेवलेलं पुन्हा उचलायचं नाही, हा घरचा कायदा. जेवताना कुणी तो विषय काढलाच तर आई भाकरी वाढतावाढता म्हणायची, “ते ठेवलंय ना?” की संपलं.

हा शेवटचा प्रश्न बाबांनी कामावरून घरी आणला होता.

सांगलीला लागून नदीकाठची जमीन अशी आहे की तिच्यात कितीही खोल खणलं तरी ओल येत नाही. तिथं हळद साठवायला पेवं खणतात. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट रांजणासारखं फुगलेलं. उसाचा पाला अंथरून हळद भरायची, वर पुन्हा पाला आणि माती घालून तोंड लिंपून टाकायचं. हळद आत वर्षानुवर्षं तशीच राहते, तिला कीड लागत नाही. कीड लागत नाही कारण आत श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. म्हणून पेव उघडलं की ते रात्रभर मोकळं सोडतात. सकाळी दोरानं कंदील खाली सोडून बघतात. तो नीट जळला तरच माणूस उतरतो. उतरणाऱ्यानं खालून सारखा आवाज देत राहायचं, वरच्यानं दोर बेताबेतानं खाली सोडायचा, पण हातातलं टोक सोडायचं नाही.

आणि पेव झाकायची वेळ आली की तोंडाशी वाकून तीनदा हाक मारायची, “कोण ऱ्हायलं का रं?” सगळी माणसं वर उभी दिसत असली तरीही. ह्यावर कुणी हसत नाही. हाकेला उत्तर आलं नाही म्हणजेच झाकायला मोकळीक.

बाबा पेवावर वरचे होते. दोर त्यांच्याकडं असायचा. खाली उतरायचा तो त्यांचा जोडीदार.

जोडीदार काका कवठे महांकाळकडचा. घरची मेंढरं होती, ती दुष्काळात गेली, आणि तो बायकोला घेऊन सांगलीला हमालीला आला. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की पेवाच्या तळातूनही माळावर हाक मारल्यासारखा वर यायचा. तो बाबांबरोबरच कामावरून निघायचा आणि चहासाठी आमच्याकडं थांबायचा. प्रार्थना संपेपर्यंत उंबऱ्यावर बसायचा, आत कधी आला नाही. पण गप्पही कधी बसला नाही.

“आटपा की लवकर. तुमच्या देवाला ऐकू कमी येतं का काय? रोज रोज सांगायला लागतंय ते?”

बाबा डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणायचे, “तुझ्या देवाला वर्सातनं एकदा बकरं दिलं की भागतंय. आमचा रोजचा हाय.”

“रोजचा? म्हंजी रोजंदारीवर हाय म्हण की, आपल्यासारखा.”

आई पदर तोंडाला लावायची.

“वैनी हसल्या,” काका ओरडायचा. “प्रार्थनेत हसल्या! तेबी ठेवा. आन माझंबी टाका तुमच्याच गोणीत. आज दिवाणजीनं माझ्या बापाचा उद्धार केलाय.”

“ठेवलं,” बाबा म्हणायचे, अगदी गंभीरपणे. मग “कुणाचं ऱ्हायलं का?” विचारताना ते उंबऱ्याकडंही बघायचे.

मला ह्या सगळ्याचा राग यायचा. काकाचा नाही, ठेवण्याचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. लहानपणी रविवारच्या शाळेत मिळणारी चार पानी, रंगीत चित्रांची. मग हमालांच्या युनियनची गुलाबी कागदावरची. दुष्काळात रोजगार मागणारी, वस्तीतल्या तरुणांनी हातानं सायक्लोस्टाईलचं चक्र फिरवून काढलेली, शाई बोटाला लागणारी. मी वाचायला शिकले ती धर्माच्या पत्रकांवर आणि विचार करायला शिकले ती बाकीच्यांवर. दोन्हींचा सूर एकच होता: आज, आत्ता, उठा. पत्रकाला उद्या नसतो. आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी तीन माणसं डोळे मिटून दिवसभराचे अपमान एकेक करून खाली ठेवत होती.

एकदा मी प्रार्थना झाल्यावर कायदा मोडून म्हणाले, “बाबा, तुम्ही रोज ठेवता म्हणून तो रोज बोलतो.”

“मग काय, उशाला घिऊन झोपू?”

“झोपूच नका.”

“आन सकाळी दोर कोण धरंल? तुझं पत्रक?”

उंबऱ्यावरून काका म्हणाला, “बघा, मास्तरीणबाई तापल्या. आज कुणाला जाळायचं हाय? मला सांगा, मी काड्यापेटी आणतो.” त्याच्यावर रागावणं कुणालाच जमायचं नाही.

तो पेवात गेला त्या दिवशी मी कॉलेजात होते. घरी आले तर बाबा मोरीत बसले होते आणि हात धूत होते. आई दारात उभी होती, तिनं मला नजरेनंच थांबवलं. बाबांनी साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. पाणी कधीच संपलं होतं तरी हात चोळत बसले होते.

त्यांनी सांगितलं ते इतकंच, की जोडीदार खाली उतरला, आवाज देत होता, मग आवाज थांबला. वर ओढला तेव्हा गेलेला होता. पोलीस ठाण्यातला जमादार आला, पंचनामा झाला. बाबांना विचारलं, तू कुठं होतास? बाबा म्हणाले, वर होतो, दोर धरून. तेवढंच विचारलं, तेवढंच त्यांनी सांगितलं.

मग आम्ही चटईवर बसलो. मी उतारा वाचला, काय वाचला ते आठवत नाही. आईनं गीत धरलं नाही. उंबरा रिकामा होता आणि आम्ही तिघंही तिकडं बघायचं टाळत होतो. बाबा रोजच्याच आवाजात म्हणाले, “आज जोडीदार पेवात गेला. ठेवलं.”

आणि रोजच्यासारखं विचारलं, “कुणाचं ऱ्हायलं का?”

मी उठून उभी राहिले. “तो माणूस होता, बाबा. हळदीचं पोतं नव्हता ठेवून द्यायला. माणूस असा ठेवता येत नाही.”

आई म्हणाली, “खाली बस.” बाबांनी आमेन म्हटलं. जेवले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर काकाची बायको आमच्याकडं आली. ती काकाच्याच जागी, उंबऱ्यावर बसली. आईनं आत बोलावलं, ती आली नाही. प्रार्थनेची वेळ होती. कंदील लागला होता.

“दादा,” ती बाबांना म्हणाली, “पेढीवर सांगत्यात, त्येंनी दारू पिली हुती म्हणून. पंचनाम्यातबी तसंच लिवलंय म्हणं. झिंगून उतरला आन पडला.”

बाबा आपल्या तळव्यांकडं बघत होते.

“मला भरपाई नगं,” ती म्हणाली. “दिली न्हाई तर न्हाई. पर दादा, त्येंनी थेंब घेतला न्हवता. जल्मात घेतला न्हवता. तुमी रोज संगं हुता, तुमाला ठावं हाय. आमच्या वाडीत हे गेलं तर उद्या त्येंचं नाव निघंल तवा हेच निघंल. दारू पिऊन पेवात मेला. मी कुठल्या तोंडानं जाऊ तिकडं? तुमी एवढं एक सांगा सगळ्यांम्होरं. बाकी काय बी नगं.”

आई म्हणाली, “आवं, बोला की.”

बाबा म्हणाले, “ते ठेवलंय.”

त्या बाईला आमच्या घरचा कायदा माहीत नव्हता. तिनं कंदिलाच्या उजेडात घरभर बघितलं. चटई, मोरी, फळीवरची भांडी.

“कुठं ठेवलंय, दादा?” ती म्हणाली. “मला दावा.”

ती उठून गेल्यावरही तो प्रश्न घरात बसून होता. मी पुढं पुष्कळ सभा ऐकल्या, पुष्कळ भाषणं ऐकली, पण आमच्या प्रार्थनेला इतका सरळ प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी दिवस ठेवणं सोडलं. चटईवर बसायचे, डोळे मिटायचे. आईचं झालं, माझं झालं की आई विचारायची, “तुमचं?” बाबा म्हणायचे, “माझं न्हाई.” “कुणाचं ऱ्हायलं का?” हा प्रश्नही त्यांनी सोडला. आमेन आईच म्हणू लागली. ते कामावर जात होते, नवा जोडीदार दिला होता त्याचा दोर धरत होते, हात धूत होते. पण घरात आपण पेवाचं एक उघडं तोंड टाळून चालतोय असं वाटायचं.

मी पत्रक लिहायला घेतलं. मला दुसरं काही येत नव्हतं. पेवाचं तोंड, वाट बघणारे ट्रक, दिवाणजीची घाई, सगळं लिहिलं. लिहिलं की कंदील खाली सोडला, तो विझला, तरी माणसाला खाली घातलं, आणि वर त्याला दारुडा ठरवलं. युनियनचं ऑफिस सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत होतं. तिकडं नेण्याआधी मी ते घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी ऐकावं म्हणूनच वाचलं.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी विझलेल्या कंदिलाशी आले तसे ते म्हणाले, “इझला न्हवता.”

“काय?”

“कंदील. इझला न्हवता. बारीक झाला हुता.”

मी पेन्सिल खाली ठेवली. आई चुलीपुढून वळून बघत राहिली.

“लाल झाला हुता,” बाबा म्हणाले. “बोटाच्या नखाएवढी जोत. मी बघितली. त्येनंबी बघितली. पेव सकाळीच उघडलं हुतं, रात मोकळं न्हवतं ऱ्हायलं. दिवाणजी म्हणला, इझला न्हाई न्हवं? मग उतरा. ट्रक भरायच्यात. त्यो माझ्याकडं बघून हसला. म्हणला, गड्या, आवाज देतो की, ततं काय मेंढरं हायत का वाट चुकायला. आन मी दोर सोडला.”

मग म्हणाले, “इझला असता तर सोडला नसता. बारीक हुता म्हणून दोर खाली सोडला. मी न्हाई म्हणलो असतो तर त्यो उतरला नसता, पोरी. दिवाणजीचं ऐकून न्हाई उतरला. दोर माझ्या हातात हुता म्हणून उतरला.”

तेव्हा मला कळलं, त्या बाईला उत्तर का मिळत नव्हतं. दारू प्याला नव्हता हे सांगायचं तर मग कशानं गेला ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर जोतीचं सांगावं लागणार. आणि जोतीचं सांगायचं तर दोराचं.

मी म्हणाले, “पण हुकूम दिवाणजीचा होता. रात्रभर मोकळं न सोडता पेव उघडून माणूस उतरवला तो पेढीनं. हे तुमच्यावर कशाला घेता?”

“मी घेत न्हाई. हाय ते हाय. तू लिवलंस ते खोटं हाय. खोटं नगं लिवू त्येच्यावर. एक लिवलंय लोकांनी, तेवढं पुरं झालं.”

मी ‘विझला’ खोडून ‘बारीक झाला’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी युनियनच्या खोलीत तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं ते वाचलं आणि डोकं हलवलं. “ह्यात दम नाही. बारीक झाला म्हणजे काय? लोक विचारतील, मग उतरला कशाला? विझला म्हणून लिही.” मी म्हणाले, विझला नव्हता. तो म्हणाला, “मग वडिलांना घेऊन ये. बघणाऱ्यानं समोर येऊन सांगितलं तर बारीक जोतही छापू.” त्याचंही काही चूक नव्हतं. पत्रकात दिवा एक तर जळतो, नाहीतर विझतो. मधली जोत पत्रकात मावत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं, आणि त्यामुळं माझा पत्रकांवरचा विश्वास कमी झाला नाही. ती मावली पाहिजे असंच वाटत राहिलं.

त्याच संध्याकाळी मी बाबांना न्यायला पेवांवर गेले. पत्रकाचा कागद पिशवीत होता. एक पेव भरून झालं होतं आणि झाकायची तयारी चालली होती. हमाल पाल्याचे भारे घेऊन उभे होते. दिवाणजी एका पोत्यावर बसून पान जुळवत होता. बाबा बाजूला दोराची वेटोळी करत होते. त्यांनी मला बघितलं.

नवा जोडीदार तोंडाशी वाकला. “कोण ऱ्हायलं का रं?”

पेव गप्प.

“कोण ऱ्हायलं का रं?”

कुणीतरी खोकलं.

“कोण ऱ्हायलं का रं?”

“ऱ्हायलंय,” बाबा म्हणाले.

पाला उचललेले हात तसेच राहिले. तीनदा हाक मारल्यावर उत्तर आलेलं त्या माणसांनी कधी ऐकलं नसावं. नवा जोडीदार घाबरून आत वाकून बघायला लागला.

दिवाणजी म्हणाला, “कोण ऱ्हायलं? मोजा की माणसं. काय चेष्टा लावलीय?”

“ह्या पेवात न्हाई. त्या पेवात,” बाबा म्हणाले आणि पलीकडं बोट दाखवलं. “माझा जोडीदार ऱ्हायलाय. त्येनं दारू पिली न्हवती. सकाळी माझ्या संगं च्या पिला हुता, तेवढाच. पेव सकाळीच उघडलं हुतं. कंदील बारीक झाला हुता, सगळ्यांनी बघितला. दिवाणजी म्हणले उतरा, आन मी दोर सोडला.”

दिवाणजी उभा राहिला. मला वाटलं तो ओरडेल, पण तो हळू बोलला. “म्हणजे तूच मारलास की त्याला. दोर तर तुझ्याच हातात होता.”

“व्हय,” बाबा म्हणाले. “माझा हात हाय. तुमचाबी हाय. लिवा दोघांचाबी. त्येचा न्हाई.”

एका म्हाताऱ्या हमालानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. पत्रकात अशा वेळी लोक एका आवाजात घोषणा देतात. इथं कुणी घोषणा दिली नाही. दिवाणजी म्हणाला, “तू उद्यापासनं येऊ नको. आणि तुम्ही बघता काय रं? झाका.” त्यांनी पेव झाकलं. बाबांनी दोर नीट गुंडाळून खुंटीला अडकवला आणि आम्ही निघालो.

वाटेत मी विचारलं, “युनियनच्या ऑफिसात यायचं?”

“उद्या,” ते म्हणाले. “आधी तिकडं जाऊ.”

काकाची बायको दोन गल्ल्या पलीकडं राहायची. आम्ही पोचायच्या आत तिच्यापर्यंत बातमी गेली होती. ती दारात उभी होती. बाबा काही बोलायच्या आधीच म्हणाली, “कळलं मला. कामावरच्या बाया सांगून गेल्या.” दोराचंही तिला कळलं होतं. त्यावर ती माफ केलं म्हणाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिनं आत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. “आता गावाकडं जाते,” ती म्हणाली. “आता जाता येतंय.”

पोलीस ठाण्यात आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. बाबांनी सगळं सांगितलं. जमादारानं ते एका कागदावर घेतलं आणि वर पाठवतो म्हणाला. मी पुढं कितीदा तरी जाऊन विचारलं. त्या कागदाचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. पंचनाम्यात दारूच आहे. पत्रक छापून निघालं, बारीक जोतीसकट. ते वाटताना मी सांगलीच्या पेठेत उभी राहिले. काहींनी वाचलं, पुष्कळांनी घडी करून खिशात घातलं, आणि संध्याकाळी एका गाडीवर मला त्याच्या पुड्यांत शेंगदाणे बांधलेले दिसले.

पेढ्या सगळ्या एकमेकांना धरून असतात. बाबांना कुठल्याच पेवावर कुणी बोलावलं नाही. आष्ट्याकडं ऊसतोडीला गेले, पण ते काम त्यांच्या हातचं नव्हतं आणि वयही नव्हतं. शेवटी देवळाच्या पाळकसाहेबांच्या ओळखीनं आईला पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. शाळेच्या मागं नोकरांच्या खोल्या, त्यातली एक. सांगलीचं घर सुटलं. मला साताऱ्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली. मी साताऱ्यात खोली करून राहते आणि शनिवारी संध्याकाळी एस.टी.नं पाचगणीला जाते.

तिथं पाऊस नसतो तेव्हा धुकं असतं. जमीन कातळाची. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पायानं ती ठोकून बघितली आणि म्हणाले, “हितं पेव बसत न्हाई.” ते दिवसभर खोलीत असतात. आई येते तेव्हा चहा करून ठेवतात, कधी शाळेच्या लाकडांच्या ढिगाशी जाऊन उभे राहतात. कुणी काही सांगितलं तर करतात. सांगणारं फारसं कुणी नसतं.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी पोचले तेव्हा ते मोरीशी हात धूत होते. काम नसलं तरी ती सवय गेलेली नाही. मी पंचा द्यायला गेले आणि तशीच उभी राहिले. हळद गेली होती. नखांच्या कडांतून, रेषांतून, सगळीकडून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांचे हात बघत होते. म्हाताऱ्या माणसाचे, फिकट, सुरकुतलेले हात. पंचाही आता पांढरा होता. बाबा माझ्याकडं बघत होते म्हणून मी पंचा दिला आणि आत आले.

खोलीत विजेचा दिवा आहे, पण प्रार्थनेला बाबा कंदीलच लावतात. मी उतारा वाचला. आईनं गीत धरलं. आता बाबा मागून येत नाहीत. मग आई म्हणाली, “आज दूध उतू गेलं, मोठ्या बाई सगळ्यांदेखत बोलल्या. ठेवलं.” मी छापखान्यातलं काहीतरी ठेवलं. मी अजून ठेवते. मला अजूनही वाटतं की अन्याय झाला तर तो देवाच्या पायाशी नव्हे, करणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवावा. पण आईसमोर बसलं की मी ठेवते.

“तुमचं?” आईनं विचारलं.

“माझा दिवसच न्हाई,” बाबा म्हणाले. “ठेवू काय?”

सांगलीत ते ‘माझं न्हाई’ म्हणायचे. आता त्यांना ठेवायला खरंच काही नाही. कामाचा दिवस खाली ठेवायचा तर आधी कामाचा दिवस असावा लागतो, हे सांगलीत असताना मला सुचलं नव्हतं.

आईनं आमच्याकडं नजर फिरवली आणि बाबा विचारायचे तोच प्रश्न विचारला. हल्ली तो तीच विचारते, “कुणाचं ऱ्हायलं का?”

बाबा कंदिलाकडं बघत होते. जोत चांगली मोठी होती, काच आत्ताच पुसलेली होती.

“ऱ्हायलंय,” ते म्हणाले.

आई म्हणते, ते रोज असंच म्हणतात. एक तेवढं ते ठेवत नाहीत. मला त्यांना सांगावंसं वाटतं की बाबा, ठेवा आता. सगळ्यांपुढं बोललात, नोकरी गेली, गाव गेलं, त्या बाईला तिच्या वाडीत जाता आलं. आता ते खाली ठेवा आणि झोपा. पण मी हे म्हणू शकत नाही. माणूस ठेवता येत नाही, असं त्या संध्याकाळी उभं राहून मीच म्हटलं होतं, आणि मला ते आजही खरं वाटतं. त्यांनी ते ऐकलं, एवढंच.

उत्तर आल्यावर आमेन म्हणता येत नाही. आईनं उठून परात पुढं ओढली आणि भाकरी थापायला घेतली. बाबांनी पुढं वाकून कंदिलाची वात आणखी थोडी वर केली.